वानखडेबाईंची वकिलीची परीक्षा

वानखडेबाईंसमोर ‘चालते’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. दूधवाला म्हणाला, “बाई, थोडंसं पानी तं चालते न,” की बाई भांडं खाली ठेवायच्या. “कायले चालते? कोनाले चालते?” मग दूधवाला आपल्या म्हशीची शपथ घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दूध घट्ट यायचं. एकदा वाशिमहून येताना कंडक्टरनं आसेगावचा थांबा सोडून गाडी पुढं नेली आणि “चाला जरासं बाई, चालते” म्हणाला. बाई उतरल्याच नाहीत. तशाच मंगरूळच्या डेपोपर्यंत गेल्या, तिथल्या साहेबाला जेवणावरून उठवलं आणि परतीच्या गाडीनं आल्या. गाडी रिकामी होती तरी उभ्यानं आल्या. बसलं की राग उतरतो, असं त्यांचं म्हणणं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता तेव्हाची ही गोष्ट. आम्ही दोघी आसेगावच्या शाळेत शिकवायचो आणि एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो. मी कारंज्याकडची, माळ्याची पोर, आवाज चढला की दाराआड सरकणारी. बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, बौद्ध, बिनलग्नाच्या, काटकुळ्या. वर्गात शुद्ध बोलायच्या, पण राग आला की भाषा घरची व्हायची. त्यामुळं शाळेत त्यांचं शुद्ध बोलणं फारसं कुणाच्या कानावर पडत नसे.

त्यांच्या रागाला कारणंही मिळायची. शाळेचा शिपाई सगळ्यांना पेल्यात पाणी आणून द्यायचा आणि बाईंच्या ओंजळीत मात्र वरून ओतायचा. हेडमास्तर म्हणाले, “जुना मानूस हाये, चालते.” बाईंनी शिपायाच्या हातून घागर काढून घेतली. त्या दिवसापासून साऱ्या शाळेला पाणी त्यांनीच वाढलं, हेडमास्तरांना सर्वात आधी आणि ते पिईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. आठ दिवसांनी शिपाई स्वतःहून पेला घेऊन आला.

अशा बाईंनी एका उन्हाळ्यात जाहीर केलं, “कुसुम, मी वकील होतो.” विचारत नव्हत्या, सांगत होत्या. बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झालेल्या होत्याच. अकोल्याच्या एका कॉलेजात त्या वर्षी अर्ज फार आले होते, म्हणून लेखी परीक्षा होती, तोंडी होती, आणि अर्जासोबत एक निबंध मागितला होता: ‘मला कायद्याचे शिक्षण का घ्यायचे आहे?’

पहिल्या निबंधात कंडक्टर होता. दूधवाला होता. शिपाई, हेडमास्तर, रेशनच्या दुकानात ज्वारी कमी मोजणारा माणूस, सगळे नावानिशी होते. मी म्हटलं, “बाई, हा निबंध नाही, फिर्याद आहे.”

“मंग फिर्यादच लिवाची असते वकिलाले!”

दुसरा निबंध थेट कॉलेजवरच होता. “पोरगं डॉक्टर होतो म्हनते तं त्याले कोनी इचारते का, काहून? मले काहून इचारून राह्यले?” त्यात त्यांनी प्राचार्यांना उलट विचारलं होतं की आपण कायदा का शिकवता, ते आधी लिहून कळवावं.

शेवटी मीच बसले. समाजाची सेवा, देशाची प्रगती, दीनदुबळ्यांना आधार, जे जे वर्गात मुलांकडून लिहून घेत होते ते सगळं घातलं. बाईंनी स्टोव्हजवळ उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर मला शांतपणे विचारलं, “हे कोन बाई हाये वं? मी तं इले वळखत नाही.” आणि कागद स्टोव्हवर धरला.

दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक मात्र दोघींचा करायच्या आणि माझं ताट असं आदळायच्या की वरण उडून भिंतीवर जायचं. तिसऱ्या दिवशी अर्ज पाठवूनही आल्या. निबंधात काय लिहिलं ते मला सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

परीक्षेला मी सोबत गेले. त्यांना एकटं सोडलं असतं तर कुणाला तरी दुखापत झाली असती, अशी मला भीती. तिथं पोहोचलो तर मोठा हॉल मुलांनी भरलेला, आणि तिघी बायांचे बाक बाहेर व्हरांड्यात, सायकलींच्या रांगेला लागून. डोक्यावर पत्रा, समोरून ऊन. पर्यवेक्षक मवाळ माणूस होता. म्हणाला, “आत जागा नाही. तुम्ही तिघीच आहात, इथं चालते.”

मी डोळे मिटून घेतले.

“कायले चालते?” बाईंचा आवाज हॉलच्या शेवटच्या खिडकीपर्यंत गेला असावा, कारण तिथली मुलं उठून उभी राहिली. “आतल्याइनं फी जास्त देल्ली का? तिकडं पंखा, आन् आमाले सायकली?” त्यांनी बाकाचं एक टोक उचललं. जाड चष्म्याची एक मुलगी, चांगल्या घरची दिसत होती, क्षणभर इकडंतिकडं बघत राहिली आणि मग तिनं दुसरं टोक धरलं. बाक दारातून आत गेला. मुलं सरकली. जागा होती.

तोंडी परीक्षा त्याच दुपारी झाली. दाराला नुसता पडदा होता आणि मी बाहेरच्या स्टुलावर. आत प्राचार्य आणि एक म्हातारे वकील बसले होते. सुरुवातीला बाई अगदी शुद्ध बोलत होत्या. मग म्हाताऱ्यांचा आवाज आला, “सकाळचा बाकाचा प्रकार मी पाहिला, बाई. इतका राग वकिलाला परवडत नाही. येतो कुठून एवढा?”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता टेबल उलटणार.

“माही मोठी बहीन हाये, शांता,” बाई म्हणाल्या. आवाज इतका खाली आला होता की मी पडद्याजवळ सरकले. “नवऱ्यानं टाकलं तिले. खावटीसाठी कोर्टात गेलो. आमच्या वकिलानं सांगतलं, साहेब काही बी इचारो, तू हो म्हन. साहेबानं इचारलं, तू स्वेच्छेनं पतीगृह सोडलं का? तिले काय समजते? शांता हो म्हने. संपलं. दोन मिन्ट बी नाही लागले. मी तिच्या बाजूले उभी होती, सातव्या वर्गात होती. मले समजला होता तो शब्द, साहेब. पुस्तकात होता आमच्या. पन येवढे कोट पाह्यले अन् मी गप राह्यली.” मग म्हणाल्या, “तवापासून गप बसनं होत नाही माह्यानं.”

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, बाई ते आधी हेडमास्तरांच्या टेबलावर आपटतील. त्यांनी ते पदरात बांधलं आणि रविवारी मला मंगरूळजवळच्या एका मळ्यात घेऊन गेल्या. शांताताई तिथं रोजानं मेथी निंदत होत्या. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या. बाईंसारखं त्यांच्यात काहीच नव्हतं.

“परीक्षा झाली का वं तुही? भांडली तं नाही न तिथं?”

“थोडीशी,” बाई म्हणाल्या.

“मले वाटलंच. काय काय इचारलं त्याइनं?”

“तुह्याबद्दल इचारलं.”

शांताताईंचं खुरपं थांबलं. “माह्याबद्दल? मले कोन वळखते तिथं?”

“आता वळखतेत.”

त्या लाजल्या. चिखलाचा हात तोंडावर घेतला आणि गालाला माती लागली. बाईंनी आपल्या पदरानं ती पुसली, मग त्याच चांगल्या पातळानं ओल्या वाफ्यात त्यांच्या शेजारी बसल्या आणि गवत उपटायला लागल्या.

“अवं पागल, पातळ खराब होते न! ऊठ पयले, ऊठ!” शांताताई ओरडल्या.

बाईंना कुणी रागावताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि बसूनच राहिल्या.