बारा पडद्यांवर खोळंबलेलं वऱ्हाड

माझ्याइतका तल्लख गुप्तहेर या भागात दुसरा नाही, आणि हे मी नम्रपणे सांगतोय. माझी नजर भेदक आहे, तर्क धारदार आहे आणि ऑफिस भाऊजींच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात आहे. अशील अजून यायचेत.

भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, पुढच्या भागात मीडिया सर्व्हर बनवतात. एकाच वेळी अनेक टीव्हींना व्हिडिओ पुरवणारी पेटी, एवढं समजलं तरी पुरे. एका हॉटेलला बारा खोल्यांसाठी तशी पेटी हवी होती आणि दुपारी तिथल्या मॅनेजरबाई बघायला येणार होत्या. काम हातचं गेलं तर भाऊजींनी दुकान बंद करून माझा सहायक व्हायचं, असं मी घरात जाहीर केलं होतं. तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

चाचणी सोपी होती. बारा पडदे मांडायचे, घरातला सगळ्यात अवजड व्हिडिओ सगळ्यांवर एकदम सोडायचा आणि पेटी धापा टाकते का बघायचं. अवजड व्हिडिओ म्हणजे ताई-भाऊजींच्या लग्नाचा. बारा लग्नांच्या कलकलाटात मला विचार सुचेना, म्हणून आवाज मी आधीच बंद करायला लावला.

वऱ्हाड मजेत हिंडत होतं. आणि अचानक बाराही पडद्यांवर सगळे जागच्या जागी थिजले.

"बंद करा," मी म्हणालो. "पुरावा नासता कामा नये."

पुरावा वाचवण्यासाठी भाऊजींनी सगळंच बंद केलं.

माझा पहिला संशय उष्णतेवर होता. पेटीसमोर पंखा लावला. वऱ्हाड त्याच जागी थिजलं, मी पुन्हा बंद करायला लावलं. दुसरा संशय उंदरावर. टेबलाखाली रांगत गेलो, तिथे माझाच हरवलेला चष्मा सापडला. तिसरा संशय समोरच्या घड्याळजीवर, कारण तो सकाळपासून आमच्याकडे टक लावून होता. जाब विचारल्यावर कळलं, की त्याची स्कूटर आमच्या दारात उभी आहे.

"पेटीचं म्हणणं काय आहे?" मी भाऊजींना विचारलं.

"सगळं ठीक आहे म्हणते. निम्मासुद्धा ताण नाही."

"अट्टल गुन्हेगार असंच म्हणतो."

भाऊजी डोक्याला हात लावून बसले. "मी तुमच्या हाताखाली नाही हो काम करू शकत," ते म्हणाले. मला ते लागलं, पण गुप्तहेराने चेहऱ्यावर दाखवायचं नसतं.

तेवढ्यात आई चहाचे कप घेऊन आली आणि तिच्यामागोमाग मॅनेजरबाई. भाऊजींनी देवाचं नाव घेऊन व्हिडिओ सोडला. वऱ्हाड हिंडलं, हसलं, थिजलं.

"अडकला वाटतं," मॅनेजरबाई म्हणाल्या. भाऊजींचा चेहरा उतरला. बंद करायची खूण म्हणून मी हात वर केला.

"हात खाली घे आधी," आई म्हणाली. "पुढचं बघायचंय मला. आणि आवाज का बंद केलायस रे?"

तिने स्वतःच आवाज वाढवला. बाराही पडद्यांतून बाबांचा दरडावणारा आवाज आला, "अजून फोटो काढतायत. कुणी हलू नका रे."

पडद्यावर कुणी हललं नाही. माणसांच्या मागचं मांडवाचं कापड मात्र वाऱ्याने मजेत फडफडत होतं. बऱ्याच वेळाने कॅमेरावाला हसत म्हणाला, "काका, हा व्हिडिओ आहे." बाबा म्हणाले, "मग आधी सांगायचं ना," आणि अख्खं वऱ्हाड एकदम सुटलं.

"तुम्ही दोघं तिथेच होतात की," आई म्हणाली. खरंच, मधोमध भाऊजी नवरदेव होऊन ताठ उभे होते आणि मागच्या रांगेत मी, हनुवटीला हात लावून, श्वास रोखून. म्हणजे या प्रकरणाचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मीच होतो, आणि त्याची जबानी घ्यायची राहून गेली होती.

मॅनेजरबाई पोट धरून हसल्या. "पेटी पास," त्या म्हणाल्या. भाऊजी मटकन खुर्चीत बसले आणि गार झालेला चहा एका दमात प्यायले. माझा सहायक गेला तो गेलाच.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज मी विसरलो, असं मला वाटायचं. मला रडू आलं आणि मी चष्मा पुसत बसलो.

"पुन्हा एकदा लावा ना," आई हळूच म्हणाली.

भाऊजींनी लावलं. बाबांनी बारा पडद्यांवरून दरडावलं, "कुणी हलू नका रे."

दुकानात कुणीही हललं नाही. मॅनेजरबाईसुद्धा.