प्रगतिपुस्तकातला बाबांचा रकाना

प्रगती मुलांनी करायची असते, पण ती सोसावी लागते मोठ्यांना. हे ओळखूनच आमच्या शाळेने प्राथमिक विभागासाठी 'प्रगतिपुस्तक सुधार समिती' नेमली. समितीत मुख्याध्यापिका होत्या, बाई होत्या, पालक होते. मुलांच्या प्रतिनिधीसाठीही एक खुर्ची राखून ठेवली होती (ती बालवर्गातली निघाल्यामुळे तिच्यावर सगळ्यांच्या पर्सा ठेवल्या).

समितीने सखोल अभ्यास केला. निष्कर्ष असा: दुसरीच्या वर्गातले ९६ टक्के प्रकल्प पालक करतात, तीन टक्के कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला करतो आणि उरलेला एक टक्का संशयास्पद आहे. म्हणजे इतकी वर्षं श्रेणी भलत्यालाच जात होती! काम बाबांचं आणि 'अ' पोराला. हा अन्याय थांबवण्यासाठी नव्या प्रगतिपुस्तकात तीन रकाने आले: आई, बाबा, इतर नातेवाईक. विद्यार्थ्याचा रकाना जागेअभावी वगळला. त्याचा फोटो मात्र मुखपृष्ठावर आहे, आणि त्यात त्याने हसावं अशी लेखी सूचनाही आहे.

सुधारणेचे फायदे ताबडतोब दिसले. शाळेकडे कधी न फिरकणारे बाबालोक पालकसभेत पहिल्या बाकावर बसू लागले (बाक दुसरीचे, त्यामुळे बसणं जमलं, उठताना मदत लागली). आमच्या बाबांना पहिल्या सत्रात पुठ्ठ्याच्या घरासाठी 'ब' मिळाला. शेरा: 'कात्रीकाम बरे. घाई करतात.'

"घाई?" बाबा घरी पोचेपर्यंत धुमसत होते. "अर्धी रजा टाकली होती मी त्या घरासाठी!"

"अहो, पण खिडक्या वाकड्याच होत्या," आई म्हणाली. तिला निबंधात 'अ' होता, त्यामुळे तिला शांत राहणं परवडत होतं.

दुसऱ्या सत्राचा विषय होता पूल. बाबांनी कंबर कसली. जेवणाचं टेबल रहदारीस बंद झालं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. माझी धाकटी बहीण भिंगरी, म्हणजे जिच्या नावाने हे सगळं चाललं होतं ती, मधेच येऊन विचारायची, "बाबा, मी चिकटवू?"

"हात नको लावूस गं, श्रेणी जाईल!"

मग भिंगरीने टेबलाखाली स्वतःचा पूल बांधायला घेतला. बुटांचं खोकं, लोकर, आणि डिंक, डिंक, डिंक. एका बाजूने बघितलं तर तो पूल होता, दुसऱ्या बाजूने घसरगुंडी.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबा दोन्ही हातांत पूल धरून निघाले, आणि भिंगरी स्वेटरमधून भलंमोठं पोट पुढे काढून; मागोमाग मी. वर्गात शिरल्याबरोबर तिने ते पोट बाहेर काढलं.

"बाई, हा मी केला. हाच ठेवा ना. बाबांचा नको."

उरलेला एक टक्का सापडला होता.

बाईंची मोठी पंचाईत झाली. नियमानुसार एका विद्यार्थ्यामागे एकच पूल, आणि श्रेणी दिल्याशिवाय सोडायचा नाही. त्यांनी तो उलटा करून पाहिला. मोठ्या माणसाच्या हाताची एकही खूण नाही. 'इतर नातेवाईक' या रकान्यात घालावा, तर भिंगरी स्वतःची नातेवाईक लागते का, हा मुद्दा मुख्याध्यापिकांपर्यंत गेला. त्यांनी तो विचाराधीन ठेवला (आमच्याकडे अवघड मुद्दे तिथेच ठेवतात).

"बाई, एवढंच सांगा, माझा धरणार की नाही?" बाबांनी विचारलं.

"ठेवा ना," भिंगरी पुन्हा म्हणाली. या वेळी जरा बारीक आवाजात.

बाईंनी टेबलावरचा आपला चहाचा कप उचलला आणि त्या जागी भिंगरीचा पूल ठेवला. बाबांचा पूल बाबांकडेच राहिला.

झालं! सगळे पालक गोळा झाले. "काय दिलं? ब?" "छे हो, क असणार!" "अहो, पुढचे जरा बसा की खाली, आम्हालाही बघू द्या!" बाबांनी तर मला कोपराने ढोसलं, "तू बघ ना वाकून, बाई काय लिहितायत."

भिंगरी आपली टेबलापाशी उभी होती. हातात इवलीशी मोटार, नजर एकेकाच्या तोंडाकडे. ही मोटार या पुलावरून पलीकडे जाते का, एवढं कुणीतरी विचारावं म्हणून ती थांबली होती.

हा किस्सा मी बऱ्याच सुजाण लोकांना सांगितलाय. ऐकून झाल्यावर सगळे एकच विचारतात, आणि मला माहितीये, तुमच्याही ओठांवर तेच आलंय. तर घ्या: 'क' मिळाला.

मोटारीचं तुम्हीही विचारलं नाहीत.