न थांबणारा भोंगा

मॅनेजर चिरागसाहेबांच्या तोंडून माझं नाव वदवून घेईन, तरच मी खरा! बोईसरच्या या कापड कारखान्यात दोन वर्षं प्रोग्रॅम लिहितोय, आणि हा माणूस मला अजून "ए कॉम्प्युटरवाले" म्हणतो! डोकं फिरतं माझं!

पण आता पाळीचा भोंगा माझ्या प्रोग्रॅमवर वाजणार होता. नीट वाजला तर नोकरी कायम.

"इंटरफेस म्हणजे करार," शेजारच्या टेबलावरच्या मोनालीला मी ऐटीत सांगितलं. "भोंगा म्हटला की 'वाजव' आणि 'थांब', दोन्ही लिहून द्यावंच लागतं. त्यासाठी वेगळा क्लास, म्हणजे सूचनांचा वेगळा साचा, मग त्याचं बारसं, एवढा थाट कशाला? अॅनॉनिमस क्लास! जागच्या जागी लिहायचा. नाव नाही, गाव नाही!"

"आणि 'थांब'मध्ये काय लिहिलंस?"

"रिकामा कंस. तेवढ्यावर प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर गप्प बसतो. नंतर भरू!"

मोनालीने कपाळाला हात लावला. मला तिचाही राग आला.

बरोबर तीनला भोंगा वाजला. साहेब खूश! एक मिनिट झालं. दोन झाली. वाजतोच आहे! आणि आमच्याकडे लांब भोंगा म्हणजे वायुगळती! शेजारच्या कारखान्यांतली माणसं तोंडाला ओले रुमाल बांधून रस्त्यावर आली. जवळच्या सरावली गावातल्या कामगारांच्या घरून फोनवर फोन सुरू झाले.

"थांबव ते!" साहेब किंचाळले.

मी बटण दाबलं. प्रोग्रॅमने इमानेइतबारे 'थांब' चालवलं, म्हणजे काहीच केलं नाही. चूक शोधायला गेलो, तर पडद्यावर क्लासच्या नावाच्या जागी नुसता आकडा! असे निनावी मी सतरा लिहिले होते. कुठला दुरुस्त करू? संतापून कॉम्प्युटरच बंद केला. भोंगा चालूच! त्याला थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं ना!

शेवटी नवापूरचा देवू वॉचमन मला ढकलून पुढे आला आणि त्याने फ्यूज उपटला.

"एवढं शिकले तुमी, नि येक भोंगा बंद करता नाय येत? कान फुटले आमचे!"

"कुणी लिहिलं हे?" साहेब गरजले. "मला नाव पाहिजे, नाव!"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मोनालीने तर दोन्ही हातांनी!

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला. त्यावर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकाही अक्षराची चूक नाही! तेव्हापासून साहेब मला गेटपासून नावानेच हाक मारतात, तीही भोंग्याच्या आवाजात.

कायम नोकरीचा कागदही मिळाला बरं का. सगळी कलमं छापलेली आहेत, फक्त साहेबांच्या सहीची जागा मोकळी आहे. विचारायला गेलो, तर मान वर न करता म्हणाले,

"नंतर भरू, प्रफुल्ल!"