आंबटशौकीन साहेबांचं जेवण

ही गोष्ट ऐकून कोणाचाच विश्वास बसत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. काल सलूनमध्येही सांगून टाकलं. गालाला साबण, मागे वस्तरा घेतलेला नवा सलूनवाला, आणि बाकावर आमच्या छापखान्यातला निवृत्त बाइंडर तोंडावर पेपर पसरून घोरत पडलेला.

"माझी बायको," मी म्हटलं, "नुसती लिंबू कापायला बसली, तरी आजूबाजूच्या तीन घरांतल्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं."

"तीन घरांतल्या?"

"वारा असेल तर पाच."

छापखान्यात मी तेव्हा हंगामी होतो. कायम करायचं की घरी बसवायचं, हे सर्वस्वी साहेबांच्या हातात. साहेब तसे देखणे, हुशार, दिलदार. फक्त चारचौघांत चावट विनोद सांगायची खोड. ते जेवायला येणार म्हटल्यावर मी बायकोला हळूच बजावलं, "साहेब जरा आंबटशौकीन आहेत. सांभाळून घे."

बायको सरळमार्गी. तिने शब्दशः सांभाळून घेतलं. बाजारातली झाडून सगळी लिंबं उचलली. कमी पडतील म्हणून चिंच, व्हिनेगर आणि चांगलं मुरलेलं दही.

साहेब आले, बसले. पहिला विनोद ओठांवर येतोय तोच पुढ्यात लिंबाचं सूप. एक चमचा पोटात गेला आणि विनोद जिभेवरच विरघळला. दुसरा सुरू करणार, तर लिंबाच्या रसात मुरवून भाजलेला मासा. त्यामागून चिंचेतली वांगी. ती आधी आंबट लागायची, मग गोड, आणि गिळून झाल्यावर तिखट मागून येऊन पाठीत धपाटा घालायचं. मग दह्यातले बटाटे. मग भात, किसलेल्या सालीच्या वासाने घमघमणारा. त्या भाताला साहेबांनी डोळेच मिटले. आजवर आपण नुसतं पोट भरलं, जेवलो असे आजच, असं त्यांना वाटलं.

"साहेबांना काय वाटलं, ते तुम्हाला कसं कळलं?" सलूनवाल्याने विचारलं.

"चेहऱ्यावर दिसत होतं. तू दाढी कर."

शेवटी केक आला, तोही लिंबाचा. साहेबांचे दात इतके आंबले होते की ते केक ओठांनीच खात होते. पण थांबायला तयार नाहीत.

"वहिनी, सगळं झकास झालंय," ते म्हणाले. "पण सगळंच आंबट कसं काय?"

बायको हात पुसत कौतुकाने म्हणाली, "हेच म्हणाले, साहेब भारी आंबटशौकीन आहेत."

साहेबांचा घास ओठांतच राहिला. मी मनातल्या मनात पायात चपला सरकवून दुसरी नोकरी शोधायला निघालोसुद्धा.

आणि साहेब हसले. असे हसले की खुर्चीचा पाय निखळला, कपाटाची दारं आपोआप उघडली, आणि खालच्या मजल्यावरचं बिऱ्हाड भूकंप समजून अंथरुणासकट रस्त्यावर गेलं. जमिनीवर बसल्या बसल्याच साहेब म्हणाले, "वहिनी, हा उद्यापासून कायम. अट एकच. महिन्यातून एकदा मी इथे जेवणार."

सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच थांबला होता. "काय नशीब काढलंत हो," तो म्हणाला. "असा हात असलेली बायको. वहिनींच्या हातचं एकदा आम्हालाही खाऊ घाला."

"घालीन की," मी म्हटलं. "रविवारी ये. तिला आज घरी गेल्या गेल्या सांगतो."

बाकावरचं घोरणं थांबलं. बाइंडरने पेपर खाली घेतला आणि शांतपणे घडी घातली.

"साहेब," तो मला म्हणाला, "खुर्ची मोडली, ते खरं आहे. पण खुर्ची माझी होती. बायकोही माझीच. जेवायला आला होतात ते तुम्ही."