अप्पांचं खारं घमेलं

रोज सकाळी साडेआठला आमच्या सामाईक भिंतीपलीकडून आरोळी यायची, "लाभ!" मग पाणी पडल्याचा आवाज. मग "दोन!" पुन्हा पाणी. असं थेट चाळीसपर्यंत.

मोंढ्याच्या बाजारात धान्य मोजताना तोलार पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गावात नवा होतो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि उस्मानाबादच्या कचेरीतून फायलींबरोबर आम्हा कारकुनांनाही उचलून इकडे आणलं होतं. शेजारचे शिवमूर्तीअप्पा मोंढ्यातले म्हातारे तोलार. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सोलापूरला. तीस वर्षं काटा धरलेला माणूस आता मोजायला धान्य नाही म्हणून अंघोळीचं पाणी मोजतोय, असा मी अर्थ लावला.

त्या वर्षी पावसाने दडी मारली होती. नळ कोरडे, टँकर आठवड्यातून दोनदा, घरटी चार घागरी. टँकरला उशीर झाला की अप्पा मला गाठायचे. "भाऊसाहेब, जिल्हा झाला म्हनं. पानी कवा व्हायचं?" जणू पाण्याचा कागद मीच टेबलाच्या खणात दाबून ठेवला होता.

आणि अशा दिवसांत हा गृहस्थ मिठाच्या गरम पाण्याची चैन करायचा! किनवटकडचे उनकेश्वरचे गरम झरे त्यांनी एकदा पाहिले होते. त्या पाण्यात बसलं की सांधे मोकळे होतात, असं लोक म्हणतात. "तितवर जायला येस्टी लागती. पानी इथंच करू की," म्हणून अप्पांनी घरात कारखाना काढला. खडेमीठ पाच तोळे, सैंधव तीन, औषधाच्या दुकानातलं मॅगसल्फ दोन, वर चिमूटभर खायचा सोडा. सगळं तागडीत. पारड्यावर माशी बसली तर पहिल्यापासून मोजायचं. मग बोट बुडवून चाखायचं. "अजून उनकेश्वर झालं न्हाई," असं म्हणत आणखी दोन खडे. झऱ्याला गंधकाचा वास असतो म्हणून एकदा गंधक आणला. तो चुलीत सांडला आणि अख्खी गल्ली खोकत बाहेर आली. अप्पा तेवढे खूश. "आला का न्हाई वास? हाच त्यो!"

कृती सांगायला मात्र हात आखडता नव्हता. माझ्या बायकोलाही सांगितली. "पानी सोसंल इतकंच गरम घ्या वहिनी. कढत घेतलं तर दुखनं राहतंय आन कातडं जातंय." फक्त वापरलेलं पाणी ते कुणाला देत नसत. त्या दिवसांत सांडपाणीसुद्धा कुणी वाया घालवत नव्हतं, म्हणून हिने एकदा मागच्या दारातून ते गुपचूप आणलं आणि मोगऱ्याला घातलं. मोगरा चार दिवसांत वाळला. तेव्हापासून आमच्या घरात अप्पांचं नाव काढायची सोय राहिली नाही.

शेवटी गल्लीने मलाच पुढे केलं. कचेरीतला माणूस म्हणून. "त्यांना म्हणावं, ही थेरं बंद करा, न्हाईतर पुढच्या टँकरला तुमच्या दोन घागरी कमी." मलाही रागच आला होता. रविवारी सकाळी मी आवाजात जरा सरकारी जरब आणून निघालो.

दार उघडंच होतं. खुर्चीवर भलताच माणूस बसलेला. धोतर मांड्यांपर्यंत वर घेतलेलं, पाय घमेल्यात, गुडघे सुजून टम्म. समोर पाटावर अप्पा. घमेल्यातलंच पाणी तांब्याने घेऊन त्याच्या गुडघ्यांवर सोडत होते. "अकरा!"

"या भाऊसाहेब. हे किसनराव. मोंढ्यात हमाल होते. भीमनगरातून मागच्या बोळानं चालत येतेत."

"आणि तुमची अंघोळ?" मी विचारलं.

"माझी? वला पंचा फिरवितो की अंगावरून. पानी हाय कुठं?"

माझी जरब तिथेच गळाली. किसनराव अंगणात पाय पुसायला गेले, तसं अप्पांनी मला आत ओढलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हमाली पोत्यावर असती. पोत्यात जादा कोंबलं की पोती कमी लागतेत, हमाली वाचती. आडत्याचा इशारा व्हायचा. मी शंभर किलो पुकारायचो, असायचं एकशेबारा. काट्यावर मला दिसायचं, अन् ह्याच्या पाठीवर पडायचं. तीस वर्सं. त्याला ठाव न्हाई अजून. कळलं तर माझी पायरी चढायचा न्हाई." एवढं बोलून ते तागडीची पारडी पुसत राहिले.

किसनरावांना कोपऱ्यापर्यंत सोडायला मी गेलो. ते एकेक पाऊल जपून टाकत होते.

"या पाण्याने गुण येतो का?"

"घंटाभर बरं वाटतंय. मग हाय तेच."

"मग एवढं चालत कशाला येता?"

ते थांबले. आजूबाजूला बघितलं. "शंभराचं पोतं आन एकशेबाराचं, पाठीला कळत न्हाई व्हय भाऊसाहेब? पयल्या दिसापासून ठाव हाय. लई राग होता. एक दिस हे माझ्या दारात आले. जल्मभर 'ए किसन्या' म्हनलेला मानूस, म्हनला, किसनराव, गुडघ्याला पानी लावू का? तोंडानं सांगायला जमंना त्यांस्नी, म्हनून हातानं सांगून राहिलेत. सांगू द्या. आन मी न्हाई आलो तर त्या घरात दिवसभर बोलायला हाय कोन? तुमी बोलू नका बरं त्यांस्नी."

गल्ली माझी वाट बघत उभी होती. मी म्हणालो, "अप्पांच्या घागरींना कुणी हात लावायचा नाही. कमीच करायच्या तर माझ्या करा." घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन भाजी चिरायला बसली.

मंगळवारी टँकर आला. आमच्या चारांतली एक घागर तिने उचलली आणि नेऊन अप्पांच्या उंबऱ्यावर ठेवली. अप्पांनी दार उघडलं.

"कामून वो वहिनी?"

तिला काही केल्या सांगता येईना.