डॉक्टर गुप्त्यांची हॉवित्झर

डॉक्टर गुप्त्यांनी मला दोन वर्षं फसवलं. मला! नॉटिंगहॅमच्या बाजारात हातगाडीपासून सुरुवात करून जुन्या सामानाचं दुकान काढलेल्या जाधवाला!

शिलिंग-पेन्स चालू होते तेव्हाची गोष्ट. गुप्ते हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचे आणि घरी पहिल्या महायुद्धातली अवजड फ्रेंच हॉवित्झर तोफेची प्रतिकृती बनवायचे. पितळेची, मांजराएवढी. चहात साखरेचा खडा टाकायचा, तोही चमच्याने छताकडे उडवून. "साधी तोफ समोरच्याला मारते, जाधव. हॉवित्झर टेकडीआडच्याला! कोन बघा, कोन!" खडा निम्म्या वेळा माझ्या मांडीवर पडायचा.

आमचा सौदा असा : मी भंगारातून पितळी स्क्रू, चकत्या आणायच्या, त्यांनी रविवारी जेवायला घालायचं. पहिल्याच दिवशी पिठल्यावर भागवायला बघत होते. मी भडकलो.

"अहो, अस्सल फ्रेंच स्क्रू आहे! वालाचं बिरडं पाहिजे."

"एका स्क्रूला बिरडं? लुटताय की काय?"

"मग राहू द्या तोफ अर्धवट."

कबूल झाले. वाल भिजवायचे, बॉयलरच्या उबदार कपाटात ठेवून मोड आणायचे, मग एकेक सोलायचा. शुक्रवारपासून खटपट, आणि तीही डर्बीच्या भंगारातल्या एका स्क्रूसाठी! मी शीळ घालत घरी जायचो.

तोफ मात्र पुरी होईना. दर रविवारी एक स्क्रू कमीच. बघू म्हटलं तर, "अपुरं काम मी दाखवत नाही."

एकदा ते कढईशी होते. हात पुसायला टॉवेल मागितला, म्हणून मी बॉयलरचं कपाट उघडलं. टॉवेलांमागे हॉवित्झर उभी! नळी वर, चाकं जागच्या जागी, मागचं झाकण एका पिळात घट्ट बसणारं. शेजारी बिस्किटांच्या डब्यात माझे सगळे स्क्रू. एकही वापरलेला नाही.

मी डबा टेबलावर आपटला. "पुरी कधी झाली ही?"

"पहिल्याच उन्हाळ्यात," ते कढईत बघत म्हणाले.

"उडते?"

त्यांनी गॅस बंद केला. नळीत एक वाल भरला, कोन लावला, स्प्रिंग सोडली. वाल फडताळावरून झेपावला आणि पलीकडच्या खिडकीतल्या कुंडीत नेमका पडला! आम्ही असे ओरडलो की शेजारच्या बाईंनी भिंत ठोकली. डॉक्टर डाव हातात घेऊन नाचले.

मग मी ताटं घ्यायला गेलो. घरात ताटं दोनच होती. एक त्यांचं, आणि दुसरं मी दर रविवारी जेवायचो ते; त्याच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.

माझं डोकं पुन्हा फिरलं. "डॉक्टर, दोन वर्षांत एकदाही 'जाधव, नुसते जेवायला या' असं का म्हणाला नाहीत? मी आलो नसतो? बोला! उत्तर द्या मला!"