लाल फेजचा मान

एका जंगलात, बाळांनो, तीन फेजचा एक जनरेटर होता. जंगलात जनरेटर कुठून आला, असं विचारू नका. गोष्टीतल्या सिंहाला दरबार असतो, मंत्री असतात, तेव्हा कुणी काही विचारत नाही. मग जनरेटरनेच काय घोडं मारलंय?

त्या जंगलात केरबा नावाचं साळिंदर राहत होतं. बारसं असो की लग्न, साउंड केरबाचा. चार स्पीकर, दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक माइक, आवाज कमीजास्त करायचा एक मिक्सर आणि पाठभर काटे, एवढी त्याची इस्टेट. काट्यांवर त्याचा भारी जीव. रोज सकाळी तो ते तेल लावून चमकवायचा.

एकदा वनराजांच्या राज्याभिषेकाला पंचवीस वर्षं झाली. सोहळा ठरला. सकाळी दहाला महाराजांचं भाषण. पण डरकाळ्या फोडून फोडून महाराजांचा घसा पार बसलेला. माइक नसेल तर त्यांचं बोलणं त्यांच्या मिशांनाही ऐकू जात नसे.

चिटणीस कोल्ह्याने केरबाला बोलावून घेतलं.

"केरबा, भाषण गाजलं पाहिजे. नाही गाजलं, तर तुझे काटे उपटून कचेरीसाठी लेखण्या करीन. एकही शिल्लक ठेवणार नाही."

केरबाने घाईघाईने पाठीवरचे काटे मिटून घेतले. पण गडी कामाला पक्का. कुणाचं यंत्र किती वीज खातं, ते त्याने पळसाच्या पानावर लिहून काढलं. मग तीन बोर्ड लावले. लाल फेजवर फक्त साउंड. पिवळ्यावर मोराची रोषणाई. निळ्यावर हत्तीचा कूलर, अस्वलाचं पॉपकॉर्नचं मशीन आणि मगरबाईंचं धूर सोडायचं यंत्र.

"हे तीन बैल आहेत असं समजा," तो सगळ्यांना म्हणाला. "ओझं तिघांवर वाटून टाका. एकाच्याच पाठीवर लादलंत, तर तो खाली बसेल."

आमचं नाव मध्ये कशाला, अशा नजरेने समोरच्या गव्याने त्याच्याकडे पाहिलं.

इथवर सगळं छान होतं. पण महाराजांचा माइक लालवर आहे, ही बातमी फुटली आणि जंगलभर आग लागली.

हत्ती आला. "केरबा, मी या राज्याचा सेनापती. महाराज लालवर आणि मी निळ्यावर? त्या अस्वलाशेजारी?"

"सेनापती, वीज तिन्हीकडे सारखीच आहे हो."

"सारखीच आहे, तर लालवर द्यायला तुझं काय जातंय?"

याला उत्तर होतं. पण हत्तीची सोंड केरबाच्या तोंडापुढे लोंबत होती.

मग मोर आला. "आमच्या घराण्यात आजवर कुणी पिवळ्यावर गेलेलं नाही. माझ्या दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत, माहितीये ना?"

"मी गरीब, म्हणून मला निळ्यावर ठेवता होय?" अस्वल म्हणालं. मगरबाई तर रडल्याच.

केरबाने हात जोडून सगळ्यांना परत पाठवलं आणि तो स्टेजवर माइक तपासायला गेला. तो वळतो न वळतो, तोच मंडळींनी आपापल्या पिना उपटल्या आणि लाल बोर्डात खुपसल्या. भोकं संपली, तेव्हा नुसत्याच वायरी कोंबल्या. पिवळा आणि निळा बोर्ड मोकळे पडले. पिवळ्यावर एक सरडा ऊन खात बसला.

दहा वाजले. महाराज माइकपुढे उभे राहिले. "माझ्या लाडक्या प्रजाजनांनो..."

खट!

लाल फेज पडला. कूलर थांबला, रोषणाई विझली, मका अर्धाच फुटला आणि माइक मुका झाला. महाराजांना पत्ताच नाही! ते आपले बोलतच राहिले. केरबाच्या अंगावर काटा उभा राहिला, तोही एक नाही, सगळेच्या सगळे.

आणि मग गंमत झाली. महाराजांनी पंजा वर केला. पहिल्या रांगेतल्या माकडाला वाटलं, टाळी घ्यायची असणार. त्याने वाजवली. शेजाऱ्यांनी वाजवली. मागच्यांना वाटलं, आपलं काहीतरी ऐकायचं राहून गेलं. त्यांनी शिट्ट्याच मारल्या! पुढे नुसता मिशीचा केस हलला तरी टाळ्या पडू लागल्या. ससे उड्या मारू लागले. कुणीतरी 'वन्स मोर' ओरडलं. एक सांबर तर गहिवरून रडलं. पंचवीस वर्षांत इतकं सुंदर भाषण कुणी ऐकलं नव्हतं. महाराजांनी दोन्ही पंजे वर करून एक गिरकीसुद्धा घेतली.

केरबाला यातलं काही दिसलं नाही. तो धावत सुटला होता. त्याने भराभर पिना उपटल्या, कूलर निळ्यावर नेला, रोषणाई पिवळ्यावर. लालचा खटका वर केला. आधी मिक्सर लावला, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, म्हणजे स्पीकर धाडकन वाजू नयेत. एवढ्या घाईतही तो हे विसरला नाही. असा कारागीर, बाळांनो, शोधून सापडायचा नाही.

आणि चारही स्पीकरमधून खणखणीत आवाज आला :

"...म्हणून येत्या सोमवारपासून माझी न्याहारी दुप्पट करण्यात येत आहे. सशांनी सहकार्य करावं."

ससे उडी अर्धी टाकून खाली बसले. मैदान चिडीचूप झालं. केरबाला मात्र आनंदाने रडू फुटलं. काय स्वच्छ आवाज! शब्द न् शब्द कळत होता!

चौकशी जागच्या जागीच झाली.

"आवाज नव्हता, तेव्हा टाळ्या होत्या," कोल्हा म्हणाला. "आवाज आला, टाळ्या गेल्या. आवाज कुणी आणला?"

सगळ्यांनी केरबाकडे बोट दाखवलं. हत्तीने सोंड दाखवली.

"महाराज, अहो, मी तर दुरुस्त केलं!"

"झालं, गुन्हा कबूल," कोल्हा म्हणाला आणि त्याने पहिला काटा उपटला. केरबा कळवळला. तो काटा शाईत बुडवून कोल्ह्याने तिथेच फर्मान लिहिलं : यापुढे सारं जंगल लाल फेजवर राहील. पिवळा आणि निळा हे दोन फेज ऐन सोहळ्यात रिकामे बसून राहिले, सबब त्यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे.

तात्पर्य : बंद पडलेली वस्तू दुरुस्त करण्याआधी, ती बंद असल्यामुळे कोण कोण सुखात आहे, याची नीट चौकशी करावी.